त्या सुईत असतं काय?

(१० मार्च, सावित्रीबाई फुले स्मृतिदिन. त्या दिवशी आपल्या महासंघाच्या सभेत मी केलेलं हे भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांनी मागितलं, म्हणून बोलले तसंच लिहून दिलं आहे. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, ही विनंती.)



आज मी हप्ते आणि वसुलीवर बोलणार नाही. हसू नका, तो विषय पुढच्या बैठकीत आहेच! आज मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. ते उत्तर माझ्याकडे उधार आहे, आणि उधारी ठेवायची नाही हे तुम्हीच मला शिकवलंय.

झालं असं, की गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची माहिती देत होते. मुलींना लहान वयात लस दिली तर तो टाळता येतो, असं सांगितलं. कोपऱ्यात एक मावशी सूप घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, सुई चांगली हाय म्हणतीस. पण त्या सुईत असतं काय?"

मी म्हटलं, "मावशी, ती सुरक्षित असते."

"ते नाय इचारलं. असतं काय आत?"

खरं सांगू? मला उत्तर आलं नाही. मी एमएसडब्ल्यू केलंय, गावोगाव फिरते, तक्ते दाखवते. पण त्या सुईत काय असतं हे मला सांगता येईना. तेवढ्यात दुसरी एक ताई हळूच म्हणाली, "आमच्या पोरीला पुढं मूलबाळ व्हईल ना?" आणि मग सगळ्याच गप्प झाल्या. त्या गप्प बसण्यात किती भीती असते, ते तुम्हाला माहीत आहे.

माझी सख्खी मावशी याच आजाराने गेली. सेहेचाळीस वर्षांची होती. अंगावरून जात होतं, वास येत होता, पण तिने वर्षभर कुणाला सांगितलं नाही. आजार अंगावर काढला. आईला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी परीक्षेतला प्रश्न नाही. मी पुस्तकं काढली, डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी सावित्रीबाईंची आठवण

आज सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. आपल्या नगरशी त्यांचं नातं आहे. शिक्षिका होण्यासाठीचं शिक्षण त्यांनी इथे नगरला मिस फरार यांच्याकडे घेतलं. त्या गेल्या १८९७ साली, पुण्यातल्या प्लेगच्या साथीत. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी आणून तिथे पोचवत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून आणलं, आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्चला त्या गेल्या.

त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. ती लस कशी केली होती माहीत आहे? रश्शासारख्या पाण्यात तुपाचे थेंब सोडायचे, त्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, आणि मग ते तापवून मारायचे. मेलेले जंतू टोचायचे. शरीराला वाटतं शत्रू आला, ते तयारीला लागतं. पुढे खरा शत्रू आला की शरीर ओळखतं.

लशीची जुनी रीत ही अशी. रोगाचा जंतूच घ्यायचा आणि मारायचा, नाहीतर अशक्त करायचा, किंवा त्याचा एखादा सौम्य भाऊबंद शोधायचा. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा आपल्या गाईंना कुठली लस टोचली, आठवतंय? शेळ्यांच्या देवीची. लम्पीचा विषाणू आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून एकाची लस दुसऱ्याला चालली. तेव्हा आपण गोठ्यातली एकही गाय सोडली नाही. डॉक्टर कधी येतात म्हणून वाट बघत होतो.

पण काही रोगांना ही जुनी रीत लागू पडत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हा त्यातलाच.

हा कॅन्सर विषाणूमुळे होतो

बऱ्याच जणींना हे माहीत नसतं. या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एक विषाणू असतो. त्याचं नाव एचपीव्ही. हे शोधून काढणारे जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउजेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. लाजू नका, इथे सगळ्या आपल्याच आहेत. आणि यात कुणाच्या चारित्र्याचा काही प्रश्न नाही. लग्न झालेल्या, एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही जणींमध्ये मात्र मुक्काम ठोकतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी तिथे कॅन्सर उभा राहतो. म्हणून पोरगी असताना काही कळत नाही, आणि लेकरं मोठी झाल्यावर, घर सावरायच्या वयात बाई जाते.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार बायका त्याने गेल्या. आकडा मोठा आहे, डोक्यात बसत नाही. तुमच्या गावच्या बाजाराला किती बायका येतात ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल.

आता या विषाणूची जुन्या रीतीने लस का करता आली नाही? एक तर तो प्रयोगशाळेत सहज वाढत नाही. आणि दुसरं, तो मारून टोचायचा म्हटलं तरी त्याच्या पोटात कॅन्सर करणाऱ्या सूचनाच असतात. त्या कुठल्याही आईच्या लेकीला टोचायच्या कशा? मग वेगळी वाट शोधावी लागली.

विषाणूची बाराखडी

इथे थोडं नीट ऐका, अवघड नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणी गटात आल्यावर सही करायला शिकल्या. आधी एक अक्षर, मग दुसरं, मग नाव. तसंच प्रत्येक जिवाच्या आत एक लिहिलेला मजकूर असतो. त्याची बाराखडी फक्त चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. नाक कसं, डोळे कसे, गहू कसा आणि हरभरा कसा, सगळं या चार अक्षरांत लिहिलेलं. माणसाचा मजकूर प्रचंड मोठा असतो. एचपीव्हीचा अगदी छोटा, जेमतेम आठ हजार अक्षरांचा.

शास्त्रज्ञ आधी हा मजकूर वाचायला शिकले. मग लिहायलाही शिकले. म्हणजे हवा तेवढाच तुकडा यंत्रावर नव्याने जुळवायचा, त्यात हवे ते बदल करायचे, आणि एखाद्या साध्या जिवाच्या आत ठेवून त्याच्याकडून काम करून घ्यायचं. या शास्त्राला सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात. नाव जड आहे. काम मात्र वाचायचं आणि लिहायचं.

एचपीव्हीच्या मजकुरात एक ओळ अशी आहे की ती फक्त बाहेरचं कवच कसं करायचं तेवढंच सांगते. कॅन्सर करणाऱ्या सूचना दुसऱ्याच ओळींत आहेत. म्हणून फक्त कवचाची ओळ घेतली. बाकी सगळं सोडून दिलं.

ही ओळ दिली कुणाला? यीस्टला. पाव फुगवायला बेकरीत वापरतात ते यीस्ट. त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पेशी असतात आणि त्या भराभर वाढतात. पण यीस्टला विषाणूची भाषा नीट कळत नाही. बघा, मुंबईची पाहुणी आपल्याकडे आली की दोघीही मराठीच बोलतो, तरी तिला आपली बोली समजावून द्यावी लागते. तसंच ही ओळ बऱ्याचदा यीस्टच्या बोलीत पुन्हा लिहितात. अर्थ तोच, लिहायची धाटणी यीस्टची. मग यीस्ट ती ओळ वाचतं आणि कवचाचे तुकडे करत बसतं.

आणि गंमत पुढेच आहे. हे तुकडे आपले आपण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा गोळा तयार होतो. ३६० तुकड्यांचा एक गोल, थेट विषाणूच्या आकाराचा. १९९१ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये इयान फ्रेझर आणि जियान झोऊ या दोघांनी हे रिकामे गोळे जमवून दाखवले. त्यावरून २००६ साली पहिली लस बाजारात आली. झोऊ मात्र १९९९ सालीच वारले, त्यांना ती बघायला मिळाली नाही.

आता त्या मावशींचं उत्तर देते. मावशी, तुम्ही त्या दिवशी शेंगा फोडत होता. त्यात एखादी शेंग वरून भरलेली दिसते, पण फोडली की आत दाणाच नसतो. पोचट. ती जमिनीत पेरली तर उगवेल का? नाही. या सुईत असतात त्या विषाणूच्या पोचट शेंगा. वरून हुबेहूब विषाणू, आत दाणा नाही. त्यामुळे त्यातून रोग उगवायला काही शिल्लकच नसतं. शरीर मात्र टरफल बघून शत्रू ओळखायला शिकतं. यीस्ट गाळून बाजूला काढलेलं असतं. जोडीला थोडा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, शरीराने लक्ष द्यावं म्हणून. आणि क्षारांचं पाणी. एवढंच.

हे आपल्याला नवीन नाही

कुणाला वाटेल, हे असलं आपल्या लेकरांवर पहिल्यांदाच करतायत. तसं नाही. तुमच्या बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची असताना पेंटाची सुई दिली होती ना? त्यातली काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस यीस्टकडूनच करून घेतलेली असते. जगात ही रीत १९८६ पासून आहे. भारतात १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स कंपनीने ती लस पहिल्यांदा बनवली. म्हणजे आपल्या कितीतरी पोरांच्या दंडात, मांडीत ही पोचट शेंग जाऊन आलीय, आणि आपण कार्डावर तारीख लिहून घेतलीय.

कोरोना आठवा. जानेवारी २०२० मध्ये त्या विषाणूचा सगळा मजकूर, सुमारे तीस हजार अक्षरं, जगापुढे आला. शास्त्रज्ञांना विषाणू हातात घ्यायच्या आधी त्याचं लिखाण हातात मिळालं, आणि त्यावरून कामाला लागता आलं. बरोबर एका वर्षाने, १६ जानेवारी २०२१ ला, आपल्या देशात लसीकरण सुरू झालं. आपल्यापैकी बहुतेकींनी घेतलेली कोविशील्ड पुण्यात हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली. त्यात चिंपांझीच्या सर्दीचा एक निरुपद्रवी केलेला विषाणू असतो. त्याला वाढता येत नाही. तो फक्त पोस्टमनसारखा कोरोनाच्या काट्याची ओळ पेशींपर्यंत पोचवतो. पुण्याच्याच जिनोव्हा कंपनीने पुढची पायरी गाठली. नुसती चिठ्ठी पाठवायची, पोस्टमनही नको. त्यांच्या जेमकोव्हॅक लशीला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

आणि २०२२ च्याच जुलैत सीरमच्या एचपीव्ही लशीला भारतात मान्यता मिळाली. तिचं नाव सर्व्हाव्हॅक. भारतात बनलेली या कॅन्सरविरुद्धची ही पहिली लस. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची तिला मदत होती. एका परदेशी लशीत पावाचंच यीस्ट वापरतात. पुण्याच्या लशीत त्याचं एक भावंड, हॅन्सेन्युला नावाचं यीस्ट आहे. ९ ते २६ वर्षांच्या मुलींना आणि मुलग्यांनाही ती देता येते.

मला एक गोष्ट सारखी मनात येते. ज्या हडपसरच्या माळावर सावित्रीबाई आजाऱ्यांना घेऊन जात होत्या, त्याच हडपसरला आज ही लस बनते. त्यांच्या हातात तेव्हा फक्त पाठ होती, पाठीवर घ्यायला.

आपल्या शेजारच्या बायकांचं देणं

तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्या-मुंबईचं आणि परदेशाचं झालं. आपल्याकडचं काय? तर ऐका.

आपल्या जामखेडच्या पलीकडे उस्मानाबाद, आताचं धाराशिव. आणि कर्जत, करमाळा ओलांडलं की बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९९ पासून उस्मानाबादच्या खेड्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचा अभ्यास केला. वेगवेगळ्या तपासण्यांची तुलना केली. २००९ साली निकाल आला: आयुष्यात एकदा जरी एचपीव्हीची तपासणी झाली, तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. शेतात खुरपणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, आपल्यासारख्याच बायकांमुळे ही गोष्ट साऱ्या जगाला कळली.

याची दुसरी बाजूही सांगते. तुलनेसाठी त्यातल्या ३१ हजारांवर बायकांची तपासणी केलेली नव्हती, आणि त्यावर पुढे कडक टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते.

दुसरा अभ्यास लशीचा. २००९ साली देशात नऊ ठिकाणी तो सुरू झाला, त्यात पुणे आणि बार्शीही होतं. परदेशी लस वापरून बघायचं होतं, की मुलींना तीन डोस लागतात की दोन पुरतात. पण एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातले एचपीव्ही लशीचे सगळे अभ्यास थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचा राहून गेला. डॉक्टरांनी त्यांची साथ सोडली नाही, दहा वर्षं त्यांची तपासणी केली. आणि २०२१ साली दिसलं, की एक डोस घेतलेल्या मुलींमध्येही कॅन्सर करणाऱ्या दोन मुख्य जातींचा मुक्कामी संसर्ग सुमारे ९५ टक्के टळला होता. दोन-तीन डोस घेतलेल्यांच्या बरोबरीने! पुढे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं, की ९ ते २० वर्षांच्या मुलींना एक डोसही चालू शकतो. त्यामागे जी माहिती होती, तीत आपल्या शेजारच्या गावांतल्या लेकींचाही वाटा आहे.

मग सरकारने थांबवलं का होतं?

हे लपवून चालणार नाही. लपवलं की अफवा वाढते.

त्याच काळात आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना एका वेगळ्या प्रकल्पातून ही लस दिली होती. त्या मुलींपैकी सात जणी पुढे वारल्या. देशभर गदारोळ झाला. चौकशी समिती बसली. एक मुलगी पाण्यात बुडून, एक साप चावून, दोघी औषध पिऊन गेल्या होत्या. मृत्यू लशीमुळे झाल्याचं समितीला दिसलं नाही.

पण समितीला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापाची सही नव्हती. वॉर्डनने सही केली होती. आईला विचारलंच नव्हतं.

तायांनो, बँकेच्या कोऱ्या स्लिपवर आपण सही देत नाही. वीस वर्षांपूर्वी द्यायचो, आता देत नाही. कुणी म्हटलं "करा हो सही, मी भरतो पुढचं," तर गटातली कुठलीही बाई आज त्याला उभं करणार नाही. मग लेकीच्या दंडाची सही दुसऱ्याने का करावी? आणि त्याच हिशोबाने, न वाचता "नको" असं तरी का लिहून द्यावं? न विचारता हो म्हणणं आणि न विचारता नाही म्हणणं, दोन्ही कोरीच सही.

तुमचे प्रश्न

मूलबाळ होईल का? होईल. ही लस जगात २००६ पासून कोट्यवधी मुलींनी घेतली आहे आणि तिच्यामुळे वांझपण येतं असं कुठेही दिसलेलं नाही. उलट हा कॅन्सर झाला तर कित्येकदा गर्भाशयच काढावं लागतं.

लहान मुलीला का? कारण विषाणू शरीरात यायच्या आधी लस दिली तर ती पूर्ण कामाची. रोप लावण्याआधी बांध घालतो तसं. म्हणून ९ ते १४ हे वय सगळ्यांत चांगलं. आधीच झालेला संसर्ग किंवा कॅन्सर या लशीने बरा होत नाही.

त्रास होतो का? दंड दुखतो, थोडी सूज येते, कधी ताप, डोकेदुखी. काही मुलींना चक्कर येते, म्हणून टोचल्यावर तिथेच बसवून ठेवतात, लगेच उठायची घाई करू नये. अंगात ताप असेल तर थांबायचं, गरोदर असताना घ्यायची नाही, आणि कशाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं.

लस घेतली की काम झालं का? नाही. कॅन्सर करणाऱ्या सगळ्या जाती तीत नाहीत. त्यातल्या मुख्य दोन, १६ आणि १८ क्रमांकाच्या आहेत. म्हणून तिशीनंतर तपासणी करायचीच. आणि आपण ज्या आया, सासवा इथे बसलोय, आपल्यासाठी तर तपासणी हाच मार्ग. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगरसारखं औषध लावून बघतात, काही मिनिटांचं काम आहे. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, वासाचं पांढरं पाणी जायला लागलं, तर एक दिवसही अंगावर काढू नका. माझ्या मावशीने काढलं.

मी स्वतः पंचवीस वर्षांची आहे. माझ्या वयाला फायदा थोडा कमी, डोस जास्त, तरी डॉक्टरांशी बोलून मी पहिला डोस घेतलाय. दंड एक दिवस दुखला. हे तुम्ही घ्यावी म्हणून सांगत नाहीये. तुम्हाला सांगते ते स्वतः तपासून बघितलंय, एवढंच कळावं म्हणून सांगते.

आता गटाने काय करायचं

फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ असं जाहीर केलं. आपल्या गावात ते कसं पोचतं, हे बघणं आपलं काम. म्हणून पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या. गटातल्या सभासदांच्या घरी या वयाच्या किती मुली आहेत, त्यांची यादी करा. उपकेंद्रातल्या एएनएम ताईंना आणि आशा ताईंना बैठकीला बोलवा आणि विचारा: लस कोणती, कुठे बनलेली, किती डोस, पैसे पडतात का, सरकारी मिळते का आणि कधी, टोचल्यावर त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. उत्तरं प्रोसिडिंगच्या वहीत लिहा. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवा आणि तपासणीला गाडी करून सोबत जा. एकटीला लाज वाटते, दहा जणींना वाटत नाही.

हे आपल्याला जमेल का? आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. पण त्यांनी बाळंतपणं केली, लसीकरणाचं महत्त्व घरोघर पोचवलं, आणि जगभरातले डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला आले. जमत कसं नाही?

सावित्रीबाईंनी आपल्याला अक्षरं दिली. त्या अक्षरांनी आपण पासबुक वाचायला लागलो. आज शास्त्रज्ञ विषाणूची अक्षरं वाचतायत. आपल्यापुढे जो कागद येईल, तो आपण वाचायचा, विचारायचं, समजून घ्यायचं, आणि मग सही करायची.

त्या मावशी आज सभेला आल्यात. मावशी, उत्तर मिळालं का? नसेल तर पुन्हा विचारा. मी पुन्हा शोधून आणीन.

जय जिजाऊ, जय सावित्री.